‘पोकळ’बंदीच्या नोटिशीला एका सभासदाचं खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य,
आपली गृहनिर्माण संस्था, घोडबंदर रोड, ठाणे (पश्चिम)

विषय: दि. ८ सप्टेंबर २०२५ ची पत्तेबंदीची नोटीस

सप्रेम नमस्कार.

लिफ्टशेजारच्या काचेच्या फळ्यावर लावलेली आपली नोटीस मी तीनदा वाचली. पहिल्यांदा हसू आलं, कारण टायपिंगमध्ये ‘पोकर’चं ‘पोकळ’ झालं आहे. ‘पोकळ हा निव्वळ नशिबाचा खेळ असून केंद्र सरकारच्या नव्या कायद्यानुसार जुगार ठरत असल्याने क्लबहाऊस व सदनिकांमध्ये तो खेळण्यास सक्त मनाई आहे.’ दुसऱ्यांदा वाचली तेव्हा राग आला. तिसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की टायपिंगची किरकोळ चूक सोडली तरी या नोटिशीत तीन मोठ्या चुका आहेत.

हे पत्र ऑफिसात न देता सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहे. पाण्याच्या वेळांबद्दल मागे दिलेलं पत्र आवक-जावक वहीत गेलं ते गेलंच. शिवाय हे जितकं तुम्हाला आहे तितकंच बी विंगच्या त्या मुलांनाही आहे, ज्यांनी नोटिशीखाली बॉलपेनाने ‘पोकर इज अ गेम ऑफ स्किल’ असं लिहून ठेवलंय. त्यांचंही मला पटलेलं नाही.

माझी ओळख सगळ्यांना आहे, तरी सांगतो. सी विंग, पाचवा मजला. बँकेच्या क्लिअरिंग विभागात आयुष्य काढून २०२२ मध्ये निवृत्त झालो. वाढलो नौपाड्यात, वाड्याच्या ओटीवर मेंढीकोट खेळत. नोकरीची बहुतेक वर्षं ठाण्याहून सुटणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये चौघांच्या मांड्यांवर आडवी ब्रीफकेस, तिच्यावर कालचं वर्तमानपत्र आणि त्यावर रमी. कुर्ल्यापर्यंत एक डाव, मस्जिदपर्यंत दुसरा. हरणाऱ्याने व्हीटीला चहा पाजायचा. पोकर शिकलो ते २०१६ मध्ये, शेजारच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहणाऱ्या दोन इंजिनिअर पोरांकडून. ती पोरं पुढे बंगळुरूला गेली. त्यांचा चकत्यांचा (पोकरच्या चिप्सचा) डबा माझ्याकडे राहिला. तेव्हापासून दर शनिवारी रात्री आमच्या डायनिंग टेबलावर सहा जण बसतात. तुमच्या नोटिशीतल्या ‘सदनिका’ या शब्दाचा रोख कुठे आहे हे मला कळलं नसेल असं समजू नका.

आता अध्यक्षसाहेब, तुम्हाला गौरी जागरणाच्या रात्रीची आठवण करून देतो. नोटिशीच्या बरोबर आठवडाभर आधीची गोष्ट. मंडपात आरती झाली, चहा झाला, फुगड्या आटोपून बायका गप्पांना बसल्या आणि आपण सतरंजीवर पोकर मांडला. पैसे नव्हते, नुसत्या चकत्या होत्या. तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा खेळत होता. मला वाटणीत आले इस्पिक एक्का आणि बदाम एक्का. दोन एक्के हातात येणं म्हणजे २२१ डावांत सरासरी एकदा. तुमच्याकडे होती चौकट सत्ती आणि किलवर दुर्री. यापेक्षा भिकार जोडी शोधून सापडायची नाही. माझे पत्ते तुमच्या पत्त्यांसमोर शंभरात साधारण ८७-८८ वेळा जिंकतात.

मधले, सगळ्यांचे सामाईक पत्ते उघडले: बदाम राजा, इस्पिक सत्ती, किलवर नव्वी. मग चौकट गुलाम. तुमची सत्तीची जोडी झाली होती आणि तुम्ही ती सोडायला तयार नव्हता. मी चकत्यांची अख्खी चळत पुढे सरकवली. तुम्ही म्हणालात, ‘बाप्पासमोर माघार कसली,’ आणि तुमचीही सरकवली. पत्ते उघडे केले तेव्हा उरलेल्या ४४ पत्त्यांपैकी फक्त ५ तुम्हाला वाचवू शकत होते, दोन सत्त्या आणि तीन दुर्ऱ्या. शेवटचा पत्ता आला बदाम दुर्री. तुमच्या दोन जोड्या, माझी एक. मंडपात जो आरडाओरडा झाला तो ऐकून वॉचमन धावत आला.

त्या रात्री तुम्ही ‘निव्वळ नशीब हो, निव्वळ नशीब!’ असं चार वेळा म्हणालात. अगदी खरं. माझा संशय असा आहे की तेच वाक्य उचलून नोटिशीत बसलं. पण जरा पुढचं बघा. तोच डाव आपण हजार वेळा खेळलो असतो, तेच पत्ते, तीच चळत, तर तुमच्याकडे कपडे उरले नसते. एका डावात नशीब दिसतं. हजार डावांत तेच नशीब दोघांना सारखं वाटलं जातं आणि मागे उरतं ते कोणी कुठल्या पत्त्यांवर किती पैसे लावले एवढंच. मी चळत सरकवली हे बरोबर होतं आणि हरलो हेही खरं. पोकरमध्ये या दोन गोष्टींचा एकमेकींशी फार उशिरा संबंध येतो.

किती उशिरा, ते माझ्या वहीतून सांगतो, कारण बी विंगच्या मुलांशी माझं भांडण नेमकं इथे आहे.

बँकेची सवय जाता जात नाही. पहिल्या शनिवारपासून मी वही ठेवली आहे. तारीख, किती घेऊन बसलो, किती घेऊन उठलो. बैठक पाचशे रुपयांची. मधली कोविडची वर्षं सोडली तर आजवर ३०० रात्री भरल्या. तासाला पंचवीस डाव, चार तास, म्हणजे रात्रीचे शंभर. एकूण ३०,००० डाव. आजचा जमेचा आकडा ६,२०० रुपये. घरात मी हा आकडा बऱ्याच वर्षांपासून मिरवतो. ‘नऊ वर्षं खेळतोय आणि फायद्यात आहे’ असं पाहुण्यांना सांगतो. बायको म्हणते, चहा-चिवड्याचा खर्च कुठल्या वहीत लिहिता? त्याची वही नाही.

गेल्या पावसाळ्यात मुलीने कॉम्प्युटरवर हे तिनशे आकडे भरून दिले आणि त्यातला हेलकावा काढून दाखवला. एका रात्रीचं माझं वर-खाली साधारण ४५० रुपयांचं असतं. तीनशे रात्रींचं वर-खाली तीनशे पट होत नाही, तीनशेच्या वर्गमूळपट होतं, म्हणजे जेमतेम साडेसतरा पट. गुणाकार केला की ७,८०० रुपयांच्या आसपास. याचा अर्थ काय? ज्याला पोकरमधलं काडीचं जास्त कळत नाही, जो टेबलावरच्या बाकीच्यांइतकाच बरा-वाईट खेळतो, असे शंभर जण तीनशे रात्री बसवले, तर त्यातले वीस-एकवीस जण नुसत्या नशिबाने ६,२०० किंवा त्याहून जास्त कमावून उठतील. मी त्या एकवीसमधला नाही कशावरून?

मी पेन्सिल घेऊन पुढचंही काढलं. रात्रीला माझी सरासरी कमाई वीस रुपये सदुसष्ट पैसे. एक वडापाव. हा वडापाव खरोखर माझ्या डोक्याने मिळवलेला आहे, हे बऱ्यापैकी ठामपणे म्हणायचं तर एकूण १,९०० रात्री लागतील. तीनशे झाल्या. वर्षाला चाळीस शनिवार धरले तर अजून चाळीस वर्षं. मी आज त्रेसष्ट वर्षांचा आहे. एकशे तिसऱ्या वर्षी मी तुम्हाला सांगेन की मला पोकर येतो की नाही.

मुलांनो, तुमच्यातला जो कोणी चार शनिवार जिंकून ‘अंकल, इट्स ऑल स्किल’ म्हणतो ना, त्याच्यासाठी हा हिशेब आहे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली की कावळ्याला वाटतं आपलं वजन वाढलं.

पण म्हणून समितीचं वाक्य बरोबर ठरतं का? नाही, ती पहिली चूक. कौशल्य दिसत नाही याचा अर्थ ते नाही असा होत नाही, ते मोजायला वेळ लागतो एवढंच. अमेरिकेत लास व्हेगासला दरवर्षी पोकरची जागतिक मालिका भरते. स्टीव्हन लेव्हिट आणि थॉमस माइल्स या दोन प्राध्यापकांनी २०१० सालच्या मालिकेचे आकडे तपासले. आधीच्या कामगिरीवरून जे खेळाडू तरबेज म्हणून ओळखले जात होते, त्यांना त्या वर्षी गुंतवणुकीवर तीस टक्क्यांहून जास्त परतावा मिळाला. बाकीच्यांना पंधरा टक्क्यांहून जास्त तोटा. लॉटरीत असं होत नाही. गेल्या वर्षी लॉटरी लागलेल्या लोकांची यादी काढून यंदा त्यांच्यावर पैसे लावून बघा.

२०१७ मध्ये पिट्सबर्गला लिब्राटस नावाच्या संगणक प्रोग्रामने चार अव्वल व्यावसायिक खेळाडूंना हरवलं. तिथे नशीब कमी करायला त्यांनी एक झकास युक्ती केली होती. एका खोलीत माणसाला जे पत्ते वाटले, तेच पत्ते दुसऱ्या खोलीत यंत्राला द्यायचे आणि माणसाच्या जोडीदाराला उलटी बाजू. म्हणजे चांगल्या पत्त्यांचा फायदा दोन्हीकडे सारखा. एवढं करूनही निकाल ठाम व्हावा म्हणून १,२०,००० डाव खेळले, वीस दिवसांत. आमच्या डायनिंग टेबलाच्या गतीने त्याला तीस वर्षं लागली असती.

ही युक्ती ब्रिजवाल्यांकडे फार जुनी आहे. स्पर्धेच्या ब्रिजमध्ये तेच वाटलेले पत्ते खोक्यात घालून टेबलाटेबलावर फिरवतात आणि त्याच पत्त्यांवर कोणी काय केलं ते ताडून बघतात. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी ब्रिजच्या जोड्यांमध्ये भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं. तेव्हा आपल्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाळ्या पडल्या होत्या. बावन्न पत्ते तेच आहेत.

आणि कौशल्य बघायला पिट्सबर्गला जायला नको. आमच्या टेबलावर तिसऱ्या मजल्यावरच्या काकू बसतात. वय सत्तरीच्या घरात, हातात विणकाम. पंचवीस डावांतले पाच-सहाच खेळतात. बाकीचे पत्ते बघून असे बाजूला ठेवतात जशी बाजारात किडकी वांगी. रमीची सवय असल्यामुळे कोणी काय उचललं, कोण कधी गप्प झालं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं असतं. परवाचाच डाव घ्या. मध्ये शंभर रुपये. मी पन्नास लावले. काकूंच्या हाती बदामाचे दोन पत्ते, मधल्या चार पत्त्यांतही दोन बदाम. अजून एक बदाम आला की त्यांचा रंग, म्हणजे एकाच जातीचे पाच पत्ते, पूर्ण. त्यांनी क्षणभर सुया थांबवल्या आणि पत्ते टाकले. त्यांच्या शेजारी बसलेल्या माझ्या पुतण्याने ते बघितलं आणि कळवळला, ‘काकू, एक बदाम हवा होता फक्त!’ काकू म्हणाल्या, ‘नऊच उरलेत. न दिसलेले शेहेचाळीस. पाचात एकदा मिळणार आणि तुझे काका मला चारात एकदाचा भाव देतायत. मी मटार पण असे घेत नाही.’

हिशेब बरोबर होता. पन्नास टाकून दीडशे मिळवायचे तर चारातून एकदा तरी जिंकायला हवं. पाचातून एकदाच जिंकणार असेल तर त्या पन्नासामागे सरासरी अकरा रुपये जातात. पुतण्या तो डाव दर वेळी खेळतो. कधी बदाम येतो, तेव्हा तो खुर्चीवरून उठून नाचतो, आणि अकरा रुपये गेलेले त्याला दिसत नाहीत. काकूंना दिसतात. काकू वही ठेवत नाहीत, बोर्नव्हिटाचा एक डबा ठेवतात. तो किती भरलाय ते त्या सांगत नाहीत.

नोटिशीतली दुसरी चूक म्हणजे कायदा. मी वकील नाही, पण क्लिअरिंगमध्ये आयुष्य काढलेला माणूस छापील कागद पूर्ण वाचतो. आपल्या राज्यात जुगाराचा जो कायदा चालतो तो १८८७ चा आहे. त्याच्या कलम १३ मध्ये निव्वळ कौशल्याचे खेळ कायद्याबाहेर ठेवलेत. पोकरचं नाव त्यात कुठेही नाही. मग पोकर कुठल्या खात्यात? पश्चिम बंगालच्या कायद्याने पोकर नाव घेऊन जुगारातून वगळला आहे. नागालँडने २०१६ मध्ये त्याला कौशल्याचा खेळ म्हणून परवान्याच्या यादीत घातलं. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो नशिबाचा खेळ ठरवला. म्हणजे गाडीने वापी गाठलं की नशीब, हावड्याला उतरलं की कौशल्य, आणि मधे ठाण्यात आपण आणि आपली नोटीस.

तुम्ही ज्या केंद्रीय कायद्याचा दाखला दिलाय तो ऑनलाइन खेळांसाठी आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने तो दोन दिवसांत मंजूर केला आणि २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. त्यात पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ सरसकट बंद केले आहेत. गंमत म्हणजे खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा प्रश्नच त्या कायद्याने मोडीत काढला. पैसे लावले की संपलं. शिक्षा आहे ती असे खेळ पुरवणाऱ्याला, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला नाही. माझ्या डायनिंग टेबलाला इंटरनेट जोडलेलं नाही.

त्या कायद्यावर बी विंगची मुलं चिडलेली आहेत. मी नाही. कारण मी ए विंगमधल्या एका मुलाचा आलेख बघितला आहे. नाव सांगणार नाही, त्याच्या आईवडिलांनाही पूर्ण माहीत नाही. ऐरोलीला नोकरी. गेल्या वर्षी एका संध्याकाळी पार्किंगमध्ये त्याने स्कूटरच्या सीटवर फोन ठेवला आणि मला त्याच्या ऑनलाइन पोकरची रेघ दाखवली. आधी चढ, मग लांबच लांब उतार. ‘काका, हे बघा, इथपर्यंत मी काय खेळलोय! मग बॅड लक सुरू झालं.’ त्याच्या बोटाखाली चढ होता. मी उताराकडे बोट नेलं, तर म्हणाला, ‘ते सोडा, ते नशीब.’ त्याला दोन्ही शब्द येत होते. फक्त कुठला कुठे लावायचा हे त्याच्या सोयीने ठरत होतं. उताराच्या तळाशी दोन वर्षांची बचत होती.

त्याचा हिशेब माझ्यासारखा नाही हे लक्षात घ्या. तो एका वेळी चार टेबलांवर खेळायचा, तासाला पावणेतीनशे-तीनशे डाव. मी वर्षभरात जेवढे डाव खेळतो तेवढे तो शनिवार-रविवारच्या दोन रात्रींत उरकायचा. मला ज्या उत्तरासाठी एकशे तीन वर्षांचं व्हावं लागेल, ते त्याला वर्षभरात मिळालं होतं. त्याने ते वाचलं नाही. वर प्रत्येक डावातून नाल, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचा वाटा, कापली जात होती. शिवाय १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी होता, जिंकलं तर ३० टक्के टीडीएस. तरबेज माणसाला हे ओझं घेऊन चढायचं म्हणजे पाठीवर गोणी घेऊन येऊर चढण्यासारखं. हा तर तरबेज नव्हता, मध्यम होता. माझ्यासारखाच.

आता या ‘नाल’ प्रकाराबद्दल, कारण मला खरं म्हणायचं आहे ते हे. जुगाराच्या अड्ड्यावर जागेचा मालक प्रत्येक डावातून आपला वाटा काढतो, त्याला नाल म्हणतात. ऑनलाइनवाले त्याला रेक म्हणतात, शब्द बदलला की सभ्य वाटतं. समजा उद्यापासून माझ्या टेबलावर मी पाच टक्के नाल काढायला लागलो. सरासरी डाव साठ रुपयांचा, म्हणजे डावाला तीन रुपये, रात्रीचे तीनशे. सहा जणांत विभागले तर प्रत्येकाच्या वाट्याला पन्नास. माझी नऊ वर्षांची, पाहुण्यांना सांगायची कमाई रात्रीला वीस रुपये. नाल लागली की मी तीस रुपयांनी बुडीत. म्हणजे माझं जे काही कौशल्य आहे, असलंच तर, त्याच्या अडीच पट नाल आहे. काकू कदाचित तरतील. बाकी आम्ही पाचही जण, नशीब असो वा कौशल्य, हळूहळू जागेच्या मालकाचे पोशिंदे होऊ. १८८७ चा कायदा करणाऱ्या साहेबाला हे कळत होतं. जुगाराच्या अड्ड्याची त्याने केलेली व्याख्या वाचा. जागा किंवा साहित्य मालकाच्या फायद्यासाठी वापरलं जातंय का, हा त्यातला प्रश्न आहे. एकोणिसाव्या शतकात जे सुचलं ते आपल्या नोटिशीत नाही.

आणि इथे तिसरी चूक येते. मला हे लिहिताना बरं वाटत नाही, पण मागच्या दिवाळीला याच समितीने क्लबहाऊसमध्ये ‘तीन पत्ती नाइट’ ठेवली होती. प्रवेश माणशी दोनशे. प्रत्येक डावातून दहा टक्के ‘मंडपनिधी’ म्हणून बाजूच्या स्टीलच्या डब्यात. पहिलं बक्षीस कॅसरोल. मीही होतो, हरलो, चकल्या चांगल्या होत्या. तीन पत्त्यांचे एकूण २२,१०० प्रकार होतात, त्यातल्या शंभरात चौऱ्याहत्तर वेळा हातात काहीही लागत नाही, साधी जोडीसुद्धा नाही. निम्मे लोक तर पत्ते न बघता ब्लाइंड चाल देत होते. वकील ज्याला १९६८ चा सत्यनारायण खटला म्हणतात (पूजेशी संबंध नाही, सिकंदराबादच्या एका क्लबवरचा छापा होता), त्यात सर्वोच्च न्यायालयाने रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं, कारण पडलेले पत्ते लक्षात ठेवावे लागतात. आणि ज्याच्याशी तुलना केली, ज्याला निव्वळ नशिबाचा म्हटलं, तो तीन पत्त्यांचाच खेळ. म्हणजे निव्वळ नशिबाच्या खेळावर दहा टक्के नाल काढून झाल्यावर समितीने नाल नसलेल्या, निदान थोडं डोकं लागणाऱ्या खेळावर बंदी घातली. कोणाच्या मनात पाप होतं असं मी म्हणत नाही. त्या पैशातून मंडपाचे पडदे आले हेही मला माहीत आहे. पण सचिवसाहेब, तो स्टीलचा डबा कायद्याच्या व्याख्येच्या किती जवळ जातो, हे एकदा आपल्या ओळखीच्या वकिलाला विचारा. पोकरबद्दल नंतर विचारा.

२८ सप्टेंबरच्या वार्षिक सभेपुढे हा विषय घ्यावा अशी विनंती आहे. नशीब की कौशल्य हे आपल्या सभेने ठरवायचं कारण नाही. उच्च न्यायालयांचं त्यावर एकमत होत नाही, आणि सोसायटीचं तर कुत्र्यांना खायला घालण्यावरही होत नाही. नोटिशीतून ते वाक्य काढा. त्याऐवजी एवढंच लिहा की सोसायटीच्या जागेत कुठल्याही पत्त्यांच्या खेळातून कोणीही, समितीनेसुद्धा, वाटा काढणार नाही. क्लबहाऊसमध्ये पैसे लावून काहीही नको, चकत्या आणि शेंगदाणे चालतील. अठराखालच्या पोरांना पैशांच्या टेबलाजवळ बसवायचं नाही, हे मी माझ्या घरातही पाळतो. घरातल्या बैठकीबद्दल मात्र समितीने बोलू नये. बी विंगच्या मुलांनी टेलिग्रामवरून कुठेतरी बाहेरच्या ‘प्रायव्हेट गेम’ला जायला सुरुवात केली आहे असं कानावर आलंय. तिथे तासाला बसण्याचे पैसे घेतात म्हणे. तुमच्या बंदीने ती तिथे ढकलली जाणार असतील, तर माझ्या टेबलावरचा चिवडा बरा.

मुलांनो, तुम्हाला एक वही आणून देतो. दोनशे पानी, रेघांची. सहा महिने भरा, हरलेल्या रात्रीसकट. मग मला येऊन स्किल सांगा. मी ऐकून घेईन.

अध्यक्षसाहेब, तुम्ही येत्या शनिवारी वर या. पाचशेची गरज नाही. सत्ती-दुर्री आली तर टाकायची असते एवढं काकू शिकवतील.

आपला,
सी विंग, पाचवा मजला
१४ सप्टेंबर २०२५

ता. क. – पत्र लिहून झाल्यावर वही भरली. कालची रात्र उणे ३४०. वरचा ६,२०० चा आकडा आता ५,८६० असा वाचावा. राण्यांची जोडी होती, समोर पुतण्या, आणि त्याला शेवटच्या पत्त्यावर बदाम आला.